न झालेल्या फुटपाथाचे आभार

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. किती वर्षं, ते आता मलाही सांगता येणार नाही. मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी आम्ही थोडेच उरलो आहोत, आणि जुन्या माणसांना कुठेतरी बसवायला हवं. म्हणून अध्यक्षपद तरुणांकडे, सूत्रसंचालन गोड आवाजाच्या मुलींकडे आणि आभार माझ्याकडे, अशी वाटणी होऊन गेली. आभारप्रदर्शन म्हणजे काय असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. "आता मी काकूंना विनंती करते" एवढं म्हणेपर्यंत खुर्च्या सरकायला लागतात, पोरांना हाताला धरून उठवलं जातं आणि मसालेभाताच्या टेबलापुढे रांग लागते. मी ध्वनिव्यवस्थेचे आणि शाळेच्या जिमच्या केअरटेकरचे आभार मानत असते, तेव्हा समोर फक्त माझा नवरा बसलेला असतो. त्यालाही कमी ऐकू येतं.

सांगायचा मुद्दा असा, की माझं आभारप्रदर्शन आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. या वर्षी ऐकलं, आणि त्यावरून मंडळात जे रामायण झालं ते अजून संपलेलं नाही.

आम्ही टोरोंटोच्या उत्तरेला राहतो. आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही. इकडे साइडवॉक म्हणतात, पण नाव काहीही द्या, तो नाही. ना या बाजूला, ना त्या. घर, घरापुढे लॉन आणि लॉनला लागून थेट डांबर. घर घेतलं तेव्हा आम्ही दोघंही गाडी चालवत होतो, त्यामुळे ते लक्षातसुद्धा आलं नाही. आणि मी सिव्हिल इंजिनिअर, बरं का! या देशात आले तेव्हा माझी डिग्री कुणी मानेना, म्हणून नकाशे काढण्यापासून सुरुवात केली. पुढे रिटायर होईपर्यंत दुसऱ्यांच्या गावांतले रस्ते आखले. फुटपाथाला उतार किती द्यायचा, व्हीलचेअर कुठे वळेल, यावर मीटिंगांमध्ये टेबलं बडवली. स्वतःच्या दारासमोर मात्र हिरवं गवत बघून हुरळून गेले.

मग नवऱ्याला स्ट्रोक आला. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमचं अजून अरे-तुरेच आहे. तो डावा पाय ओढत चालायला लागला. फिजिओथेरपीच्या मुलीनं स्पष्ट सांगितलं, रोज बाहेर चालायचं, थांबलात की पाय गेला. चार चाकांचा वॉकर आणला, थकलं की बसायला त्याला सीट असते. कानात मशीन आधीपासून होतंच. रोज दुपारी तो कोपऱ्यावरच्या लायब्ररीपर्यंत जायचा, तिथे पेपर वाचायचा, ओळखीच्या कुणाला तरी पकडून राजकारणावर बोलायचा आणि परत यायचा. धडधाकट माणूस सिगारेट ओढता ओढता जाऊन येईल एवढंच अंतर आहे. त्याची त्यात सगळी दुपार जायची, आणि तो खूश असायचा.

गेल्या हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग साचले होते आणि चालायला मधला पट्टा तेवढा उरला होता. मागून गाडी आली आणि हॉर्न वाजला. कानात मशीन असलं की हॉर्न कानात नाही, डोक्यात वाजतो. तो दचकला, वॉकर पुढे गेला आणि हा मागे राहिला. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. हाड मोडलं नाही, हे आमचं नशीब. पण त्यानंतर तो बाहेर जाईना. आधी म्हणाला थंडी आहे. मे महिन्यात म्हणाला ऊन आहे. मग कारण द्यायचंही बंद केलं आणि खिडकीशी बसायला लागला. मला फार भीती वाटली. पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीचा होत चालला होता, आणि त्याच्याशी भांडायलाही मजा येईनाशी झाली होती.

नगरपालिकेच्या मनात आमच्या बाजूनं फुटपाथ घालायचं होतं. त्याच वसंतात आमच्या वॉर्डाचा नगरसेवक आमच्या घरी आला होता. उंच, हसरा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारा माणूस. आमच्या सोफ्यावर बसून त्यानं चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, खिडकीजवळच्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, इट्स अ नो-ब्रेनर." म्हणजे यात विचार करण्यासारखं काही नाही, फुटपाथ झालाच समजा. मी त्याला उरलेल्या चकल्या डब्यात भरून दिल्या. तो डबाही परत आला नाही.

कारण मधल्या काळात रस्ता पेटला. घरापुढच्या लॉनचा पुढचा पट्टा मुळात नगरपालिकेच्या मालकीचा आहे. पण वर्षानुवर्षं गवत आपण कापलेलं असलं की जमीन आपली वाटायला लागते. फुटपाथ झाला की ड्राइव्हवे आखूड होणार, दोन गाड्या मावणार आणि तिसरी राहणार बाहेर. विरोध गोळा करत दारोदार फिरला तो आमच्या मंडळाचा अध्यक्ष. आमच्याच रस्त्यावर राहतो, पुण्याचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक गाडी त्याची, एक बायकोची आणि एक मुलाची. मुलाला नुकतंच लायसन्स मिळालंय. आणि हेही लिहायला हवं, की हा माणूस वाईट नाही. बर्फ पडला की आमचा ड्राइव्हवे तो न सांगता स्नोब्लोअर फिरवून साफ करून देतो. म्हणूनच त्याच्यावर चिडताना दुप्पट त्रास होतो.

"काकू, तुम्ही वरी करू नका हो," तो मला म्हणाला. "काकांना लायब्ररीत मी ड्रॉप करीन ना. एनी टाइम. जस्ट टेक्स्ट करा."

"अरे, त्याला लायब्ररीत पोचायचं नाहीये," मी म्हटलं. "त्याला चालत जायचंय."

"आणि साइडवॉक झाला तर त्यावरचा स्नो शोव्हल कोण करणार, काकू? आय मीन, बी प्रॅक्टिकल."

नगरसेवकानं वारा कुठून वाहतोय ते पाहिलं. फुटपाथाचा विषय निवडणुकीनंतर बघू म्हणून पुढे ढकलला गेला. निवडणूक ऑक्टोबरच्या अखेरीस. समोर दुसरे उमेदवार आहेत, पण मंडळाच्या हिशेबानं मतदान होऊन गेल्यासारखंच आहे, कारण हॉल मिळवून देतो तो हा आणि गणपतीला येतो तोही हाच. सप्टेंबरात एके सकाळी उठून बघते तर आमच्या लॉनच्या कडेला याच्या नावाची पाटी रोवलेली! आम्हाला न विचारता. नेमकी तिथे, जिथे फुटपाथ येणार होता. मी गाऊनवर जॅकेट चढवलं, पाटी उपटली आणि अध्यक्षाच्या लॉनवर नेऊन त्याच्या पाटीशेजारी रोवली. दोन पाट्या शेजारी शेजारी छान दिसत होत्या. परत आले तेव्हा नवरा खिडकीत होता. हसला नाही, पण चहा कर म्हणाला.

आता गणपती. आमच्याकडे क्रम ठरलेला असतो: आरती, पाहुण्यांचा सत्कार, मुलांचे नाच, आभार, जेवण. या वर्षी प्रमुख पाहुण्याला प्रचारासाठी आणखी कुठेतरी जायचं होतं. सत्कार घेऊन तो तसाच निघून गेला असता तर आभार न मानता पाहुण्याला पाठवलं असं झालं असतं, आणि ते मराठी माणसाला सहन होत नाही. म्हणून अध्यक्षानं आभारप्रदर्शन पुढे ओढलं, मुलांच्या नाचांच्या आधी. झालं असं, की सगळे आईबाप आपापल्या पोराची वाट बघत, फोन वर धरून, खुर्चीला खिळून बसलेले होते. एकही माणूस उठला नाही. एवढा भरलेला हॉल मी माइकच्या मागून कधी पाहिला नव्हता.

मी काही ठरवून गेले नव्हते. साडी नीट चापूनचोपून नेसले होते आणि नेहमीचीच वाक्यं म्हणणार होते. पण नगरसेवकाला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, तो उलट्या बाजूनं आरती ओवाळत होता तेही मी गोड मानून घेतलं. आणि मग त्यानं भाषण केलं. त्यात म्हणाला, त्याला आपलं गाव 'वॉकेबल कम्युनिटी' करायचंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी माझ्या नवऱ्यानं वॉकरचा ब्रेक उगाचच दाबला आणि सोडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मंडळाच्या प्रथेप्रमाणे," मी म्हटलं, "मी सर्वप्रथम प्रमुख पाहुण्यांचे आभार मानते. त्यांनी आमच्या घरी चहा घेतला, चकल्या खाल्ल्या आणि फुटपाथ देतो म्हणाले, त्याबद्दल त्यांचे आभार. मग तो दिला नाही, त्याबद्दलही आभार, कारण त्यामुळे माझा नवरा पडला तेव्हापासून घरातच असतो आणि मला सोबत होते. आपल्या अध्यक्षांचे आभार. त्यांनी तिसऱ्या गाडीची काळजी घेतली. त्या गाडीसाठी ज्यांनी ज्यांनी पाठिंबा दिला, त्या सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे आभार. तुमचे आईवडील उन्हाळ्यात सुपर व्हिसावर इथे येतात आणि रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून फिरायला जातात. तुम्ही त्यांना सांगता, बाबा, गाडी बघून चाला. गाडीला कधी सांगणार, बाबा बघून चाल म्हणून?"

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नगरसेवक अध्यक्षाकडे वाकून काहीतरी विचारत होता. अध्यक्ष म्हणाला, आणि त्याच्या हातातला माइक चालूच असल्यानं ते सगळ्या हॉलला ऐकू आलं, "शी इज थँकिंग यू." नगरसेवकानं नारळ काखेत धरला, हात जोडले आणि मला वाकून नमस्कार केला.

तेव्हा हॉल खदखदून हसला. त्या हसण्यानं मला बळ आलं की संताप आला, सांगता येत नाही. मी इंग्रजीत सुरुवात केली. "आय ॲम नॉट फिनिश्ड. आय सेड, थँक यू फॉर द साइडवॉक वी डिड नॉट गेट. माय हजबंड फेल इन द मिडल ऑफ द रोड, बिकॉज इट वॉज नॉट देअर."

अध्यक्षानं पुढे होऊन माइकवर हात ठेवला. "काकू आज जरा इमोशनल झाल्या आहेत," तो हसत हसत म्हणाला.

"मी इमोशनल नाही," मी म्हटलं. "मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हात काढ."

त्यानं हात काढला. मग मी ध्वनिव्यवस्थेचे आणि केअरटेकरचे आभार मानले, कारण त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं, आणि खाली येऊन बसले.

जेवणाच्या रांगेत काही जणांनी माझ्याकडे पाठ केली. एका बाईनं माझ्या पानात जास्तीची जिलबी वाढली आणि इकडे तिकडे बघत कानाशी कुजबुजली, "बरं बोललात." मी म्हटलं, "मग मोठ्यानं म्हणा की." तर ती मठ्ठा आणायला गेली. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मंडळातले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, आपली माणसं इथे मूठभर, त्यात अशी फूट बरी नाही, आपल्याला हॉल त्याच्यामुळे मिळतो. मी त्यांना म्हटलं, हॉलमध्ये मी वर्षातून एकदा जाते, रस्ता मला रोज लागतो. त्यांनी माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करून फोन ठेवला. पुढच्या वर्षी आभारप्रदर्शन दुसऱ्या कुणाकडे देण्याचं घाटत आहे, असं कानावर आलंय. द्या खुशाल!

कार्यक्रमाच्या दिवशीच संध्याकाळी ब्रिटिश कोलंबियातल्या कोक्विटलामहून मुलीचा फोन आला होता. "मॉम, यू आर ऑल ओव्हर द ग्रुप," ती म्हणाली. मी जरा फुशारले. मग तिनं विचारलं, "इज डॅड ओके विथ इट?"

डॅड ओके नव्हता.  घरी आल्यावर जॅकेट काढता काढताच तो म्हणाला होता, "मी पडलो तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. आज तू सगळ्यांसमोर पाडलंस."

मला हे लागलं. फार लागलं. रात्रभर नीट झोप आली नाही. पण शब्द मागे घ्यावेत असं मला वाटलं नाही, आणि मी तसं त्याला सांगितलंही. त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं गोळ्या आणि जेवण एवढ्यावर आलं. तो खिडकीशी, मी स्वयंपाकघरात. हॉलभर माणसांसमोर घसा फोडला आणि ज्याच्यासाठी फोडला तोच माझ्याशी बोलेना. याहून मोठी हार कुठली असते मला माहीत नाही.

ऑक्टोबरात रस्ताभर मेपलची पानं पडली होती, घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे आले होते. दुपारी बेल वाजली. दारात नगरसेवक, आणि त्याच्या बाजूला अध्यक्ष. नगरसेवक माझ्याकडे बघून फार प्रेमानं हसला. काही गैरसमज झाला असेल तर तो दूर करायला आपण आलोय, असं म्हणाला. मी उत्तर जुळवतच होते, तेवढ्यात मागून वॉकरच्या चाकांचा आवाज आला.

"यू वॉन्ट माय व्होट?" नवऱ्यानं विचारलं.

"ॲब्सोल्यूटली, सर."

"देन वॉक विथ मी टू द लायब्ररी. आय विल गेट माय शूज."

दाराशी बाकावर बसून त्यानं बूट घातले. डाव्या बुटाला त्याला वेळ लागतो. मी मदतीला वाकले तर त्यानं हातानंच मला बाजूला केलं. दोघं पाहुणे पायऱ्यांवर उभे होते. "काका, कार आणू का? टू मिनिट्स," अध्यक्ष म्हणाला. "नको. तूही चल," नवरा म्हणाला, आणि आमची वरात निघाली.

पुढे नवरा आणि नगरसेवक, मागे मी आणि अध्यक्ष. नगरसेवकाला इतक्या हळू चालायची सवय नव्हती. दोन पावलं पुढे जायचा, थांबायचा, परत मागे यायचा. पहिली गाडी आली तेव्हा तो चटकन कुणाच्या तरी लॉनवर चढला. दुसरी आली तेव्हाही. मग एक डिलिव्हरीची मोठी व्हॅन आली. नगरसेवक लॉनवरून हात करून म्हणाला, "सर, ओव्हर हिअर! कम अप हिअर!"

"दिस हॅज व्हील्स," नवरा म्हणाला. "इट डझ नॉट क्लाइंब."

व्हॅननं हॉर्न दिला. नवऱ्याचे खांदे एकदम वर गेले, तसे त्या दिवशीही गेले असतील. मी पुढे धावले, पण माझ्याआधी अध्यक्ष त्याच्या मागे जाऊन उभा राहिला होता. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, व्हॅनकडे तोंड करून. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. अध्यक्ष त्याच्याहून मोठ्यानं ओरडला, "कॅन यू नॉट सी ही इज वॉकिंग?" हे मात्र मी त्याचं विसरणार नाही. त्याची तिसरी गाडी अजून तिथेच उभी असते, पाट्याही अजून दोन्ही आहेत, पण हे मी विसरणार नाही.

लायब्ररीच्या दाराशी नगरसेवकानं कपाळ पुसलं. "सर, आय हिअर यू," तो फार मनापासून म्हणाला.

"आय ॲम द वन हू कॅनॉट हिअर," नवरा म्हणाला. "व्हॉट विल यू डू?"

तो म्हणाला, निवडणुकीनंतर नक्की बसून बोलू. नवऱ्यानं मान हलवली, आत गेला आणि पेपर उघडून बसला. किती महिन्यांनी तो त्या खुर्चीवर बसला होता! मला रडू येत होतं. ते लपवायला मी मासिकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळानं तो पेपरमधून मान वर न करता मला म्हणाला, "मसालेभात तरी बरा होता का ग त्या दिवशी? मी नीट जेवलोच नाही." तेवढ्यावर आमचा अबोला मिटला.

फुटपाथ होईल की नाही, मला माहीत नाही. कोण निवडून येईल तेही माहीत नाही. मत कुणाला द्यायचं नाही, एवढं मात्र माझं पक्कं आहे. मतदान पुढच्या सोमवारी आहे आणि आमचं केंद्र त्याच लायब्ररीत आहे. मंडळानं ज्येष्ठ नागरिकांना केंद्रावर नेण्यासाठी गाड्यांची सोय केली आहे, तसा अध्यक्षाचा मेसेज आला. नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, उत्तर लिहिलं: आम्ही चालत येऊ, गाड्यांना थांबायला सांगा.

तेव्हापासून तो रोज सराव करतोय. आज दुपारीही त्यानं बूट मागितले. दाराशी आल्यावर कानातलं मशीन काढलं आणि किल्ल्यांच्या वाटीत ठेवून दिलं.

"अरे, हॉर्न ऐकू येणार नाही," मी ओरडून सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला. "किती वाजवायचा तो वाजवू दे."

आम्ही निघालो. तो मधल्या पट्ट्यातून, मी त्याच्या बाजूला, रहदारीच्या अंगाला. माझे कान अजून शाबूत आहेत. अर्ध्या वाटेवर मागून गाडी आली आणि हॉर्न वाजला. मी वळून पाहिलं. तो चालत राहिला.